निधनवार्तेतले क्रियापद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निधनाची जाहिरात घरातलेच कुणीतरी रडत-रडत, घाईत लिहून पाठवते. तिच्यात चुका राहणारच. पण त्या छापायच्या आधी जाहिरात विभागाने दुरुस्त करायला नकोत का?

‘अमुक यांचे देवाज्ञा झाली’ हे नेहमीचे. निधन ‘यांचे’ होते, देवाज्ञा ‘यांना’ किंवा ‘यांस’ होते. जुना नमुना समोर ठेवून शेवटचे दोन शब्दच बदलले की हे असे होते. ‘मृत पावले’ हीही तशीच गल्लत. माणूस मृत्यू पावतो किंवा मरण पावतो.

आपल्या गोव्यातली खास अडचण ‘अंतरणे’ची. कोकणीत ‘बाबा अंतरले’ म्हणजे बाबा गेले. मराठीत ‘मुलगा बापाला अंतरला’ म्हटले की गेला तो बाप, मुलगा मागे राहिला. त्यामुळे ‘श्री. अमुक आपल्या कुटुंबाला अंतरले’ असे छापून आले, तर सावंतवाडीच्या वाचकाला त्या माणसाचे सगळे घरच गेलेसे वाटेल! इथे सरळ ‘निधन झाले’ करावे.

‘वारले’ घरगुती, पण आदराचे. ते अपघाती मृत्यूला शोभत नाही. ‘निवर्तले’ वयोवृद्धांसाठी ठीक, विशीतल्या मुलासाठी नव्हे. ‘दगावला’ तान्ह्या मुलाबद्दल, रुग्णाबद्दल किंवा गुराबद्दल बातमीत चालते, घरच्यांच्या जाहिरातीत नाही. ‘मयत’ पंचनाम्यातच राहू द्या.

‘कै.’ सरसकट लावू नये. गोव्यातल्या पर्तगाळी मठाचे अनुयायी वैष्णव, म्हणजे विष्णूचे उपासक; त्यांच्यात ‘वैकुंठवासी’ म्हणतात. इथल्याच कवळे मठाच्या, शिवालाही भजणाऱ्या स्मार्तांना ‘कैलासवासी’ चालते. ख्रिस्ती कुटुंबाने स्वतः ‘ख्रिस्तवासी’ लिहिले असेल तर ते तसेच ठेवावे. खात्री नसेल तेव्हा ‘दिवंगत’ लिहावे, ते कुणालाच खटकत नाही.

आणि शब्दांच्या भरात तपशील राहून जातो. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन नाईक किंवा गावकर असतात. वाड्याचे नाव आणि वय नसेल, तर भलत्याच दारात माणसे जमतात. अंत्यसंस्काराची वेळ आणि जागा पहिल्या दोन ओळींतच हवी, कारण ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ इथपर्यंत वाचत बसायला निघायच्या घाईतल्या माणसाला सवड नसते.

– एक वाचक, फोंडा