छाणीच्या त्या ड्रायव्हरकाकांचे आणि क्लीनरचे आभार

परवा वडोदऱ्यात छाणीजवळ पेट्रोलचा टँकर कलंडून गळू लागला. मी स्कूटर सुरू करणार, तोच मागच्या ट्रकचे ड्रायव्हरकाका ओरडत आले, "बेन, चावी फिरवू नका!" पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, एक ठिणगी पुरते. २००९ मध्ये जयपूरच्या इंधन डेपोत गळतीतून साचलेला असाच ढग भडकला, आग आठवड्याहून जास्त धुमसली. आईचे गुडघे दुखरे. तिला स्कूटरवर बसवून काका आणि त्यांच्या क्लीनरने गाडी वारा येत होता त्या बाजूला, पार चौकापर्यंत ढकलत नेली. "माजी, घट्ट धरा," असं तो पोरगा तिला सारखं सांगत होता. मग दोघं बाकीच्या गाड्या थांबवायला परत धावले! काका, दादा, मनापासून आभार. आई सुखरूप आहे. दांडिया बाजारात आलात तर आमच्याकडे जेवायलाच या.