सामूहिक दाव्यांची धास्ती अनाठायी

महोदय,

सामूहिक दाव्यांना, म्हणजे एकच तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने मिळून चालवल्या जाणाऱ्या दाव्यांना, बळ दिले तर उद्योग कोर्टकचेरीतच अडकून पडतील, असा सूर वारंवार ऐकू येतो. मला तो पटत नाही.

‘मला यात राहायचे नाही’ असे जो कळवत नाही तो आपोआप दाव्यात धरला जातो, ही पद्धत ब्रिटनने स्पर्धा कायद्याच्या (मक्तेदारीला लगाम घालणाऱ्या कायद्याच्या) दाव्यांसाठी २०१५ मध्ये आणली. मास्टरकार्डवर सुमारे ४ कोटी ६० लाख ग्राहकांच्या वतीने १४ अब्ज पौंडांचा दावा झाला. आकडा ऐकूनच संचालकांच्या पोटात गोळा यावा. तो २०२५ मध्ये २० कोटी पौंडांवर मिटला. बीटी या दूरध्वनी कंपनीवरचा लँडलाइनच्या दरांचा दावा तर डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळलाच गेला. दर जास्त होते पण अन्याय्य नव्हते, असे तिथल्या स्पर्धा न्यायाधिकरणाने ठरवले. अ‍ॅपल मात्र अ‍ॅप स्टोअरच्या कमिशनवरून हरली. म्हणजे धोका आहे, पण तो पारखून घेणारी चाळणीही आहे.

आपल्याकडचे दुखणे उलटे आहे. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा हिशेबातला घोटाळा २००९ मध्ये उघड झाला. अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांचा सामूहिक दावा मिटवायला कंपनीने १२.५ कोटी डॉलर मोजले. कंपनी हैदराबादची, घोटाळा इथला, पण इथल्या भागधारकाला अशी वाटच नव्हती. पुढे भागधारकांना सामूहिक अर्ज करू देणारे कंपनी कायद्याचे कलम २४५ आले, जून २०१६ पासून लागूही झाले. त्यातही बाहेर पडायची मुभा आहे, निकाल सर्व सभासदांवर बंधनकारक आहे, त्याच कारणासाठी दुसरा सामूहिक अर्ज चालत नाही आणि खोडसाळ अर्जदाराला एक लाखापर्यंत खर्च भरावा लागतो. प्रामाणिक कंपनीला गावोगावचे खटले लढण्यापेक्षा हे केव्हाही परवडेल. (बँकांना यातून का वगळले, हे मात्र मला उमगलेले नाही.)

अडते ते पैशापाशी. एका कंपनीच्या व्यवहाराविरुद्ध आम्ही चौदा छोटे भागधारक एकत्र आलो होतो. अर्जासाठी लागणाऱ्या शंभर भागधारकांच्या सह्या जमवता आल्या असत्या. वकिलांच्या फीचा अंदाज ऐकला आणि विषय तिथेच थांबला. गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीतून असा खर्च भरून देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण आधी खिशातून घालायचे आणि मग असे अर्ज ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीने परत मिळवायचे. ज्याचे पैसे आधीच बुडाले त्याने घालायचे कुठून? सात वर्षे कोणी न घेतलेला लाभांश, म्हणजे भागधारकांचाच पैसा, या निधीत जातो. अर्ज दाखल करून घेतल्यावर त्यातून खर्चाचा काही भाग आगाऊ द्यावा, एवढा बदल केंद्र सरकारने नियमांत करावा.

— एक छोटा भागधारक, सांगली