सागरगडाची वाट सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय आपल्या नागपूरहून कोकणातला डोंगर चढायला जाणाऱ्या कुणालाही तुमचं सांगणं कामी येईल.

अलिबागला जातोय म्हटल्यावर सगळ्यांनी बीच सुचवले. "सागरगड करणार ना?" असं फक्त तुम्ही विचारलंत. नोकरीपायी उभं आयुष्य नागपुरात काढलंत, तरी खंडाळे गावातून वर जाणारी वाट तुम्हाला अजून तोंडपाठ. आधी धबधबा, मग सिद्धेश्वराचं देऊळ, पुढे माचीवरची वस्ती आणि मग गड.

गडाची उंची 400 मीटरच्या आसपास. नागपूर 310 मीटरवर आहे हे शाळेत शिकलेल्या माझ्या मुलानं लगेच जाहीर केलं, "म्हणजे नव्वदच मीटर!" तुम्ही हसला नाहीत. त्याला जवळ बसवून सांगितलंत की तिथली चढाई जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून सुरू होते आणि दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. मे महिन्यात 45 अंशांत फिरणारे आपण, पण डिसेंबरातल्या त्या चढावर तुमच्या लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यानंच तारलं.

आणि ते भरतीचं गणित! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे बाराची पाऊणपट, नऊ. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. कॅलेंडर काढून आमचा दिवस तुम्हीच ठरवलात. "उजाडताच चढायला लागा, समुद्र पश्चिमेला आहे, सकाळी ऊन पाठीशी राहतं," हेही तुमचंच. नऊच्या सुमारास टोकावर उभे होतो तेव्हा खाली कुलाबा किल्ला चहूबाजूंनी पाण्यात होता, उजवीकडे खांदेरी-उंदेरी स्वच्छ दिसत होते. आणि दुपारी तीनला त्याच कुलाब्याच्या दरवाजाशी आम्ही ओल्या वाळूवरून चालत पोचलो. मुलानं पायाखालची वाळू दाबून बघितली आणि म्हणाला, "आजोबांचं बरोबर आलं!"

पुरंदरच्या तहात, 1665 साली, महाराजांना जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत सागरगडही होता. एवढा मोठा इतिहास असलेल्या गडावर त्या सकाळी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. इतकी शांतता आम्हाला मिळाली ती तुमच्यामुळे, काका, हे मनापासून सांगते.

डावीकडे नागावच्या वाड्यांचा हिरवा पट्टा दिसतो का, ते बघायला सांगितलं होतंत. दिसतो. झूम करून फोटो काढलेत, तुमचं घर कुठलं ते तुम्हीच ओळखा. रविवारी संध्याकाळी गच्चीवर या. बिल्डिंगमधल्या आणखी दोन घरांना जानेवारीत जायचंय, त्यांनाही तिथी तुम्हीच काढून द्यायची आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सूनबाई