बिनफोडणीच्या मुलखातून

चिआंग माई,
रविवार

प्रिय नंदू,

"तिकडे खातोस तरी काय?" हा तुझा प्रश्न फोनवर मी हसण्यावारी नेला, कारण त्याचं उत्तर लांबलचक आहे. आज निवांत बसलोय, तर ऐक.

बँकॉकला उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात थाई जेवण म्हणजे लाल करी, हिरवी करी आणि पॅड थाई, म्हणजे परतलेल्या नूडल्स. त्या पॅड थाईला मी फार जुना पदार्थ समजत होतो. पण 1938 साली पंतप्रधान झालेल्या फिबुन सोंगख्रामच्या सरकारने राष्ट्रीय पदार्थ म्हणून त्याचा प्रचार केला, तेव्हा तो घरोघरी पोचला. म्हणजे आपल्या आजोबांच्या उमेदीतली गोष्ट! वाईट नसतो, जरा गोडमिट्ट असतो, इतकंच. खरी चंगळ उत्तरेत आल्यावर सुरू झाली.

इथे एका बाईंकडे स्वयंपाक शिकायला जातो. आधी त्या बाजारात नेतात. टोपलीत काय पडतं? नारळ, चिंच, ताडगूळ, मिरच्या, कोथिंबीर, गवती चहा, तुळस. बाजार रत्नागिरीचा म्हटलास तरी खपेल. पण गवती चहाची पात बाई कापून टाकतात आणि बुडखा घेतात. कोथिंबिरीची मुळं मात्र जपून धुतात. दोन्हीकडे आपण नेमकं उलटं करतो की नाही?

मग दगडी खल. सुक्या मिरच्या आणि मीठ आधी, मग गवती चहा, आल्याच्या जातीचं कुलिंजन, कोथिंबिरीची मुळं, आणि सगळ्यात शेवटी लसूण, छोटे कांदे, खारवलेल्या कोलंबीचा काळपट गोळा. त्याचा वास तुला सोसायचा नाही, मला लहानपणीच्या जवळ्यामुळे जड गेला नाही. कडक ते आधी, ओलं ते मागून, हा क्रम बाई मोडू देत नाहीत. ओलं आधी पडलं की दांडे बत्त्याखालून निसटत राहतात आणि तोंडात चोयट्या येतात. मिक्सर त्यांच्याकडे आहे, पण त्याला पाणी घालावं लागतं आणि वाटण परतायच्या ऐवजी शिजतं, म्हणून तो कोपऱ्यात.

आणि आता खरी गोष्ट. इतके दिवस या स्वयंपाकघरात उभा आहे, एकदाही मोहरी तडतडली नाही! कढईत नारळाचा दाट रस घालतात आणि तो फुटेपर्यंत आटवतात. कडेने तेल सुटायला लागलं, की त्याच तेलात वाटण. आमटीत नारळ फुटला की आपली आई कपाळाला हात लावते, इथे तो मुद्दाम फोडतात. पातळ रस त्यानंतर. मग चव बघायची. खारटपणाला फिश सॉस, गोडीला ताडगूळ. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. प्रमाण विचारलं तर बाई चमचाच पुढे करतात. मला हे फार पटलं. आपण मीठ एकदा घालतो आणि देवावर हवाला ठेवतो. नूडल्सच्या टपरीवरसुद्धा टेबलावर चार बरण्या असतात: फिश सॉस, मिरचीपूड, मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि साखर. ज्याने त्याने आपलं जुळवून घ्यावं.

इथली खासियत म्हणजे खाओ सोई. नारळाच्या रश्शात अंड्याच्या नूडल्स, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, बाजूला मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चा कांदा, लिंबाची फोड. युन्नानहून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या चिनी मुसलमान व्यापाऱ्यांशी त्याचं नातं सांगतात. बान हो मशिदीच्या गल्लीत अजूनही चांगला मिळतो. त्याहून मला आवडलं नाम प्रिक नुम. निखाऱ्यावर भाजलेल्या मिरच्या, लसूण, कांदे खलात कुटलेले, म्हणजे ठेचाच बघ. चिकट भाताचा छोटा गोळा बोटांनी वळायचा आणि त्यात बुडवायचा. दक्षिणेत चमचा-काटा लागतो, इथे हाताने खाल्लं तर कोणी वळून बघत नाही.

मिरचीवरून आठवलं, ती इथली नव्हेच. अमेरिकेतून निघालेली मिरची पोर्तुगीजांच्या काळात इकडे पोचली. 1510 साली गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी आपला माणूस अयुथयाच्या, म्हणजे तेव्हाच्या थाई राजधानीच्या, दरबारात धाडला होता. त्याच पोर्तुगीजांनी आपल्यालाही नाक पुसायला लावलं आणि यांनाही.

तुझ्या आईला एक गोष्ट सांगू नकोस. पाद क्रापाओ नावाचा पदार्थ इथे कुठेही मिळतो: डुकराचा खिमा, लसूण, मिरची, आणि मूठभर तुळस. आपलीच ती, वृंदावनातली. तडतडीत आचेवर परततात, भातावर घालतात, वर कडा कुरकुरीत झालेलं अंडं. पहिला घास घेताना मी जरा दबकलो, दुसऱ्याला नाही.

तू शाकाहारी, तर डिसेंबरात येशील तेव्हा पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दुकान शोधायचं. तिथे मांस, मासे, फिश सॉस काही नसतं. अंडं, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळल्याचं पुण्य वर. बाकी ठिकाणी नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, फिश सॉस येतोच. सोम ताम नावाच्या कोशिंबिरीचंही तेच. कच्ची पपई, चवळीच्या शेंगा आणि शेंगदाणे बघून हुरळू नकोस, आत सुकी कोलंबी असते. बाईंना विचारून ठेवलंय, सोया सॉस घालून कुटून देतील.

तिकिटं काढलीस की कळव. आणि येताना हिंगाची डबी आण, बाईंना आपली आमटी करून दाखवायचं कबूल केलंय.

तुझा,
अवि