टाळी कोणत्या वाक्याला पडली, तेही छापावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळा-महाविद्यालयांच्या वक्तृत्व स्पर्धांचे निकाल आणि जाहीर सभांची वृत्ते वर्तमानपत्रांत नेमाने येतात. ‘ओघवती वाणी’, ‘अलंकारिक भाषा’, ‘सभागृह टाळ्यांनी दणाणले’ असे शब्द त्यांत असतात. वक्त्याने दावा कोणता केला आणि तो श्रोत्यांच्या गळी कसा उतरवला, हे मात्र क्वचितच कळते. दर मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला जे नाशिककर शांतपणे बसून भाषण ऐकतात, त्यांना एवढे तरी वाचायला मिळावे.

दहावीच्या व्याकरणात अलंकार शिकवतात तो ओळखण्यासाठी. उपमेय कोणते, उपमान कोणते, साधर्म्य कशाचे, एवढे लिहिले की गुण मिळतात. ऐकणाऱ्याच्या मनावर त्या अलंकाराचे काय काम चालते, हा प्रश्न तिथे येतच नाही. मग तोच विद्यार्थी व्यासपीठावर अलंकार नुसते चढवत जातो. सात मिनिटांचे भाषण, मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांची गती, म्हणजे जेमतेम आठशे शब्द. मान्यवरांचे नामोल्लेख, एक चारोळी आणि शेवटची कविता यांत दोनशे खर्ची पडतात. उरलेल्या सहाशेत एक दावा आणि त्याचे दोन आधार नीट बसतात. पाच मुद्दे कोंबले की एकही पटत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. जन्म आणि मरण ही दोन टोके, आणि दोन्हीकडे ‘हिंदू म्हणून’ हे तेच दोन शब्द. शब्द तेच राहिल्यामुळे कानाला फक्त क्रियापदातला बदल जाणवतो. जन्म हातात नसतो, पुढचे आयुष्य असते, हा सगळा युक्तिवाद त्या बदलात मावला आहे. शिवाय २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे सुरू झालेला सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नव्हते. पुरावा आधी घडलेला होता, म्हणून जन्म-मरणाच्या त्या शाब्दिक विरोधाला वजन आले. स्पर्धेतल्या ‘कालचा भारत आणि उद्याचा भारत’मध्ये दोन टोकांना जोडणारे काहीच सांगितलेले नसते, आणि तो पोकळ वाजतो.

‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ हे लोकमान्यांचे वाक्य घ्या. जोर शेवटच्या ‘च’वर आहे. तो काढला तर निर्धाराचा नुसता बेत होतो. तो सरकवून ‘तो मीच मिळवणार’ म्हटले तर बाकीच्यांना वगळल्यासारखे होते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि कानात तेच रेंगाळते. म्हणून भाषण लिहून झाले की आधी प्रत्येक वाक्याचा शेवट तपासावा. ओळीने पाच वाक्ये ‘आहे’ने संपली तर आवाज कितीही चढवला तरी सभा सुस्तावते. पुनरावृत्ती हवी असेल तर ती वाक्याच्या सुरुवातीला मुद्दाम आणावी, आणि तीनदा पुरे; चौथ्या वेळी श्रोता शब्द आधीच ओळखतो आणि त्याचे लक्ष आशयावरून ठेक्याकडे जाते.

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’तला मथळा. त्यात उघड विधान नाही. ‘नाही’ हे उत्तर वाचकच मनात देतो, आणि स्वतः दिलेले उत्तर माणूस सहजी मागे घेत नाही. असा प्रश्न विचारताना उत्तर एकच निघेल याची खात्री हवी, प्रश्नानंतर दोन-तीन सेकंद थांबायला हवे आणि लगेच पुराव्याकडे वळायला हवे. मुले चार प्रश्न एका दमात विचारतात. पहिल्याचे उत्तर मनात तयार होण्याआधीच दुसरा येतो आणि चारही वाया जातात.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती दृष्टान्ताची, आणि ही तर मराठीची जुनी विद्या. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठ’ या जुन्या ग्रंथात त्याचे तीन भाग पडतात: सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक. आधी सिद्धान्ताचे वाक्य, मग गोष्ट, मग गोष्टीतले काय सिद्धान्तातल्या कशाशी जुळते त्याचा उलगडा. हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीत पाय चाचपणारा हत्तीला खांब म्हणतो, कान चाचपणारा सूप म्हणतो. प्रत्येकाच्या हाती एकेकच अवयव आला आणि त्यालाच त्याने अख्खा हत्ती मानले, हे जोडून दाखवल्याशिवाय सिद्धान्त हाती लागत नाही. स्पर्धेत गोष्ट रंगते, घंटा होते आणि दार्ष्टान्तिक राहून जाते. श्रोता गोष्ट घेऊन घरी जातो, दावा मंडपातच राहतो.

दुसरी चूक सभांमध्ये दिसते: साम्य जिथे संपते त्याच्या पुढेही दृष्टान्त ताणला जातो. ‘घरातला कर्ता आमदनी घटली की खर्च आवरतो, तसे महापालिकेने करावे’ हे ऐकताक्षणी पटते. पण घरचा कर्ता शेजाऱ्यांवर कर बसवू शकत नाही, महापालिका नागरिकांवर बसवू शकते. आणि घराने कपडे वर्षभर पुढे ढकलले तर चालते, पावसाळ्याआधीची नालेसफाई ढकलून चालत नाही. उधळपट्टी नको इतपत साम्य खरे आहे, त्यापुढचे नाही.

आकडाही असाच काम करतो. समजा, लासलगावला कांदा १,२०० रुपये क्विंटल गेला. शेतकऱ्यांच्या सभेत ‘किलोला अवघे बारा रुपये’ म्हटले की तो कवडीमोल वाटतो, कारण चहाच्या कपाशी तुलना आपोआप होते. त्याच भावाला ‘क्विंटलला बाराशे’ म्हटले की तो बरा वाटतो. दहाचे वीस झाले तर एक वक्ता ‘दहा रुपयांनी वाढ’ म्हणेल, दुसरा ‘शंभर टक्के’. दोघेही खरे बोलतात. ऐकणाऱ्याने एकक विचारावे आणि तुलना कोणत्या महिन्याशी केली तेही विचारावे. काढणीच्या हंगामातला भाव आणि टंचाईतला भाव शेजारी ठेवले की हवा तो निष्कर्ष काढता येतो.

मराठीने दिलेली दोन साधने तर अलंकारांच्या यादीतही नाहीत. ‘आपण’मध्ये श्रोता येतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. ‘आपण सर्वांनी थोडी कळ सोसली पाहिजे’ आणि ‘आम्ही हा पूल बांधून दाखवला’ ही वाक्ये एकाच भाषणात आली तर त्रास कोणाच्या वाट्याला आणि श्रेय कोणाला, ते सर्वनामांतूनच कळते. दुसरे साधन म्हणजे ‘ण्यात आले’. ‘झाडे तोडण्यात आली’, ‘निर्णय घेण्यात आला’ यांत कर्ता नाहीसा होतो. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांमध्येही ही रचना सर्रास येते, म्हणून हे आपल्याकडेही कळकळीने मांडतो.

मागण्या दोनच आहेत. स्पर्धांच्या गुणतक्त्यात भाषा, उच्चार, हावभाव, सभाधीटपणा असे रकाने असतात. पन्नासपैकी दहा गुण ‘दाव्याला दिलेला आधार’ यासाठी राखावेत. परीक्षकांनी कागदाचे दोन भाग करावेत: डावीकडे टाळी घेणारे वाक्य, उजवीकडे तेच वाक्य अलंकार उतरवून साध्या शब्दांत. उजवीकडे लिहिण्यासारखे काही उरले नाही, तर या रकान्यात शून्य द्यावे. आणि भाषणाचे वृत्त देताना आपण दोन ओळी वाढवाव्यात: वक्त्याचा मुख्य दावा काय होता आणि त्यासाठी त्याने कोणता आधार दिला. आधार दिलाच नसेल, तर तसे छापावे.

आपला,
एक मराठी भाषाशिक्षक,
पंचवटी, नाशिक