मामा, ते कार्ड तुमच्याकडेच राहू द्या

मामा, नमस्कार.

एवढं मोठं वाचायला तुम्हाला चष्मा शोधावा लागेल माहितीये, मुलीला वाचून दाखवायला सांगा. तोंडावर थँक यू म्हटलं की तुम्ही "असूद्या साहेब" म्हणून माझी गोल्फची बॅग खांद्यावर टाकून चालायला लागता, म्हणून हे लिहितोय.

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवरचा तो डिसेंबरमधला रविवार, तुम्ही माझे कॅडी. सव्वासातचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, बोटं गारठलेली आणि डोक्यात एकच, आज 100 फटक्यांच्या आत यायचंच. दोन वर्षं झाली, 104, 107, 103, गाडी तिथंच अडकलीये, आणि ऑफिसमधला माझ्यानंतर शिकलेला एक पोरगा 92 मारतो आणि सोमवारी मुद्दाम येऊन विचारतो, सर किती?

चौथ्याच होलला 9 फटके पडले. दोन बॉल झाडीत गेल्यावर मी क्लब फेकला. हो, फेकलाच, सगळ्यांसमोर. तुम्ही गेलात, उचललात, फडक्यानं पुसून बॅगेत ठेवलात आणि म्हणालात, "काठीची काय चूक." मग माझ्या हातातलं स्कोअरकार्ड घेतलंत आणि शर्टाच्या खिशात घातलंत. "हे मी लिहितो. तुम्ही फक्त मारा."

आधी राग आला, खोटं कशाला बोलू. पण नियमाने बॅगेत 14 क्लब चालतात म्हणून मी मोजून 14 भरलेले, त्यातले तुम्ही पुढचे होल चारच बाहेर काढलेत, आणि मी सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, ड्रायव्हरला, हात लावला की तुम्ही नुसते आकाशाकडे बघायचात. त्यात लोहगावहून विमान उडालं की आवाज जाईपर्यंत तुम्ही मला मारू द्यायचा नाहीत. त्या अर्ध्या मिनिटात मी पहिल्यांदाच आजूबाजूला नीट बघितलं, एवढ्या शहरात एवढं गवत आहे आणि मी दोन वर्षं फक्त आकडे बघत फिरतोय!

तुमची बॉल शोधायची ट्रिक आता मी चोरलीये बरं का. बॉल उडाला की तुम्ही लगेच त्याच्या लाइनीतलं एखादं झाड धरता आणि नजर न हलवता चालत जाता. 2019 पासून शोधायला 3 मिनिटंच मिळतात, आधी 5 असायची, तुम्हाला एकसुद्धा पुरतं.

आणि तो 7 आयर्न क्लबचा फटका. कितवा होल ते आठवत नाही, कार्ड तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात "निम्मा जोर, डोकं खाली," आणि मी मारला की नाही तेच कळलं नाही, हाताला काही लागलंच नाही, नुसता टक् आवाज. मी मान वर केली तेव्हा बॉल ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पडून थांबतही आला होता. दवामुळे तो घरंगळलेला रस्ता हिरव्यावर गडद रेघेसारखा दिसत होता. तुम्ही म्हणालात, "होलच्या एक कप डावीकडे, दव आहे, जरा जोरात." होलकडे ढकललेला तो पट चुकला, बॉल काठाला लागून बाहेर आला, आणि मी चक्क हसलो. बरोबरचे रिटायर्ड कर्नल साहेब माझ्याकडे बघतच राहिले.

नंतर तुम्ही बॉल पडून झालेला खड्डा टीच्या, म्हणजे बॉल ठेवायच्या खुंटीच्या, टोकाने कडेकडेनं आत ढकलून भरलात, पटरने थोपटलात, मग शेजारचा दुसऱ्याच कुणाचा तरी होता तोही भरलात. मी विचारलं हा कशाला, तर "मागच्यांचा बॉल उडेल ना." त्या दिवसापासून मी माझा एक आणि दुसऱ्याचा एक भरतो. बंकरमधल्या वाळूत रेक मारायचा मला अजून कंटाळा येतो, ते कबूल.

अर्ध्या खेळानंतर हाफवे हटवर चहा पिताना तुम्ही लहानपणीचं सांगत होतात, बॅग उचलायला पहिल्यांदा आलात तेव्हा ती तुमच्यापेक्षा उंच होती. ते अर्धवट राहिलं, कर्नल साहेबांना घाई होती.

सोमवारी पोरानं विचारलं, सर किती? म्हटलं माहीत नाही रे, कार्ड मामांकडे आहे. त्याला वाटलं मी लपवतोय.

तर मामा, ते कार्ड खिशातच राहून धुण्यात गेलं असेल तर जाऊ दे, आणि असलं तरी मला देऊ नका. येत्या रविवारी परत सव्वासात आहे, तुमचंच नाव सांगून ठेवलंय. ड्रायव्हर घरी ठेवून येतोय. त्या बॅगेची उरलेली गोष्ट मात्र पूर्ण सांगायची.