बटाट्यावर करपा : शनिवारी पाला कापणी

लंडनच्या आपल्या अलॉटमेंटमधील (भाजी पिकवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यांच्या जागेतील) सर्व सभासदांसाठी

सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश आणि रोज सहा तास ९० टक्के आर्द्रता असली की उशिरा येणारा करपा पसरतो. या आठवड्यात हवा तशीच होती. पानांवर तपकिरी डाग, खालून पांढरी बुरशी दिसली तर थांबू नका.

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता पाण्याच्या टाकीपाशी जमावे. कात्री आणि पोती आणा.

- पाला जमिनीलगत कापा, उपटू नका.
- बटाटे आणखी दोन-तीन आठवडे मातीतच राहू द्या. लगेच काढले तर साल कच्ची असते, मातीवरचे करप्याचे बीजाणू (रोग पसरवणारे सूक्ष्म कण) कंदाला लागतात आणि साठवलेले बटाटे सडतात.
- रोगट पाला कंपोस्टमध्ये नको.
- टोमॅटोही तपासा, रोग तोच.

सुट्टीसाठी भारतात गेलेल्यांनी शेजारच्या वाफेवाल्यांना पाला कापायची परवानगी कृपया आजच कळवावी.